जूनचा पहिला पंधरवडा

महाराष्ट्रातल्या साठी ओलांडलेल्या माणसांचे शाळेचे दाखले पाहिले तर १ जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा भेटते. खेड्यात शिकलेल्या पिढीत कधी कधी एकाच घरातल्या दोन-तीन भावंडांची तारीख हीच असते, फक्त साल वेगळं. कारण सरळ आहे. मुलाचं नाव घालायला आलेल्या बापाला जन्माचा सुमार सांगता यायचा: दुष्काळाच्या साली, थोरलीच्या लग्नाच्या आधल्या पावसाळ्यात. तारीख सांगता यायची नाही. गुरुजींना मात्र जनरल रजिस्टरातला रकाना भरावाच लागायचा. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं, तेव्हा मुलाचं वय पहिलीत बसण्याइतकं भरायला हवं, म्हणून १ जून लिहून गुरुजी पुढच्या मुलाकडे वळायचे.

त्या एका ओळीने पुढे काय काय ठरणार होतं, हे बापाला ठाऊक नव्हतं आणि त्याला ते कोणी सांगितलंही नाही. नोकरीची वयोमर्यादा, निवृत्तीचा दिवस, पेन्शन, सगळं त्या रकान्याला बांधलेलं होतं. यात गुरुजींना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोर चाळीस मुलं आणि एक रजिस्टर होतं. पण शाळा आणि घर पहिल्यांदा समोरासमोर आली, त्या दिवशी जे बोलणं व्हायला हवं होतं ते झालं नाही. प्रश्न विचारला गेला, तो कशासाठी विचारला जातोय हे सांगायचं राहून गेलं.

आज जन्मदाखला बहुतेक मुलांकडे असतो. तरी नोंदीचा तो क्षण अजून तितकाच नाजूक आहे. जन्मदाखल्यावर नाव एका तऱ्हेने, आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने, इंग्रजी स्पेलिंग तिसऱ्याच तऱ्हेने, आणि आडनावाच्या जागी कधी जातीचं, कधी गावाचं नाव. शाळा सोडल्यानंतर ही नोंद दुरुस्त करून घ्यायची म्हणजे प्रतिज्ञापत्रं, खेटे आणि पुष्कळ वेळ. म्हणून माझ्या मते नव्या वर्षात घराला द्यायची सगळ्यात पहिली माहिती हीच: रजिस्टरात नेमकं काय लिहिलं आहे ते. लिहून झाल्यावर ओळ मोठ्याने वाचून दाखवावी, नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत आईबापांसमोर धरावं, ही तारीख आणि हे नाव पुढे कुठे कुठे लागणार आहे ते सांगावं आणि मग सही किंवा अंगठा घ्यावा. याला पाच मिनिटं लागतात. पुढची पन्नास वर्षं सोपी होतात.

त्याच दिवशी सांगायच्या आणखी काही गोष्टी आहेत, त्या मात्र बऱ्याच घरांपर्यंत पोचतच नाहीत. पहिलीत जायला मुलाची ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची मुलाखत घेणं बेकायदा आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर आलेलं कुटुंब दाखला हरवला म्हणून शाळेच्या फाटकावरून परत फिरतं, तेव्हा कायद्यात लिहिलेलं त्याच्या कानापर्यंत आलेलं नसतं.

दंडाची नोटीस ते घराचं अंगण

सरकारने घराला शाळेबद्दल काही कळवण्याची आपल्याकडची सुरुवात सक्तीतून झाली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळी शेतमजुराच्या घरात एक रुपया ही मोठी रक्कम. महाराजांचा हेतू निःसंशय उदार होता आणि त्यांनी संस्थानाचा पैसाही या कामात ओतला. तरी शेतावर राबणाऱ्या बापापर्यंत पहिली बातमी पोचली ती दंडाची.

दुसरी वाट तीस वर्षांनी डहाणूच्या किनाऱ्यावर निघाली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी इथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. मग या दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली, घरांसमोरच्या अंगणात, आणि तिला अंगणवाडी म्हटलं. पुढे कोसबाडला वारली मुलं गुरं राखायला जात म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. शिक्षणाच्या इतिहासात या कामाची नोंद मुलांच्या बाजूने होते, ते योग्यच आहे. पण त्याची एक दुसरीही बाजू आहे. अंगणात शाळा भरली की आई, आजी, शेजारीण, कडेवरचं मूल हे सगळे ती पाहत असतात. बाई काय करतात, कशाने मुलं हसतात, गाणी कशासाठी म्हणवून घेतात, हे वेगळं सांगावं लागत नाही. कोपऱ्यात उभी राहून पाहणारी आई दुसऱ्या दिवशी तेच गाणं चुलीपाशी म्हणू शकते. घराला माहिती देण्याची याहून पूर्ण रीत मला ठाऊक नाही.

आजच्या कायद्याने सक्तीची दिशा फिरवली. मूल शाळेत आहे की नाही याची पहिली जबाबदारी आता शासनाची आहे, आणि घराला माहिती देण्याची जबाबदारी थेट शिक्षकाची. शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाच्या कर्तव्यांत हे स्पष्ट लिहिलं आहे: पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती त्यांना सांगायची. म्हणजे पालकसभा ही शाळेने केलेली मेहेरबानी नाही. २१व्या कलमातली शाळा व्यवस्थापन समिती याच धाग्याची. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. खासगी शाळांसाठी महाराष्ट्राचा शुल्क विनियमनाचा कायदा २०११ चा आहे. त्यानुसार वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो, आणि शुल्कवाढीचा प्रस्ताव त्या संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. जूनमध्ये शुल्काची पावती हातात पडल्यावर संतापणाऱ्या शहरी पालकांपैकी किती जणांनी या समितीत नाव दिलेलं असतं?

माहिती मिळाली, पुढे काय

माहिती दिली की घर जागं होतं आणि शाळा सुधारते, असं वाटणं स्वाभाविक आहे. संशोधनातून आलेलं उत्तर इतकं सोपं नाही, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं.

२००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 'प्रथम' या संस्थेने अर्थशास्त्रज्ञांबरोबर २८० गावांत एक प्रयोग केला. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात होते. तिथे प्रत्येक गावात शिक्षण समिती कागदोपत्री होती, पण दहातल्या नऊहून अधिक कुटुंबांनी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. समितीच्या सभासदांपैकी जवळपास चौथा हिस्सा लोकांना आपण सभासद आहोत हेच माहीत नव्हतं. प्रयोगात काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावून दिले. काही गावांत त्याबरोबर मुलांची वाचनाची साधी चाचणी गावकऱ्यांकडूनच करून घेतली आणि गावाचं प्रगतिपत्रक तयार केलं. निष्कर्ष निराश करणारा होता. शाळेत काही बदललं नाही, पालकांचा शाळेतला सहभाग वाढला नाही, मुलांचं वाचनही सुधारलं नाही. फरक पडला तो तिसऱ्या प्रकारच्या गावांत. तिथे गावातल्या तरुणांना वाचन शिकवायची साधी पद्धत दाखवली गेली आणि त्यांनी शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग घेतले. त्या वर्गांना आलेल्या मुलांचं वाचन ठळकपणे पुढे गेलं.

याउलट पाकिस्तानच्या पंजाबात ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि असीम ख्वाजा यांनी ११२ गावांपैकी निम्म्या गावांत पालकांना प्रगतिपत्रकं दिली. पत्रकावर आपल्या मुलाचे गुण होतेच, शिवाय गावातल्या प्रत्येक शाळेची सरासरीही होती. पत्रकं पोस्टाने गेली नाहीत. बैठकीत हातात दिली आणि समजावून सांगितली. वर्षभरात तिथल्या मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांचं शुल्क सुमारे १७ टक्क्यांनी उतरलं.

दोन्हीकडे माहितीच दिली होती. मग एकीकडे ती हवेत का विरली? पंजाबातल्या त्या गावांत एकाहून अधिक शाळा होत्या. पालकाला तुलना करता येत होती, दुसऱ्या शाळेत मूल घालता येत होतं, निदान तसं बोलून दाखवता येत होतं. जौनपूरच्या पालकाला कळलं की आपलं मूल वाचत नाही, पण ते कळल्यावर उद्या सकाळी काय करायचं हे त्याच्या हातात नव्हतं. समितीने अर्ज करावा, अर्ज वर जावा, वरून कोणी यावं, अशी ती लांबची वाट. ज्यांना करण्याजोगं काही दिलं ते तरुण मात्र लगेच कामाला लागले.

मी यातून घेतलेला अर्थ असा: घराला दिलेली प्रत्येक माहिती ऐकणाऱ्याच्या हाताला काम देणारी असली पाहिजे. 'तुमचा मुलगा वाचनात मागे आहे' हे वाक्य बापाला फक्त खाली पाहायला लावतं. 'रोज रात्री जेवण झाल्यावर त्याला पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला सांगा, अडला तर तुम्ही काही सांगू नका, त्याला उद्या मला विचारू द्या' हे वाक्य निरक्षर बापालाही पेलतं.

सात टेबलं आणि आयांचा गट

महाराष्ट्रात या विचाराच्या सगळ्यात जवळ जाणारा उपक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. करोनाच्या दोन वर्षांत पहिलीत येणाऱ्या मुलांनी अंगणवाडीचं तोंडही नीट पाहिलेलं नव्हतं. त्या वर्षी राज्यभर 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारी मेळावे झाले. एक मेळावा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, दुसरा शाळा उघडताना. व्हरांड्यात किंवा पटांगणात सात टेबलं मांडायची: नावनोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी, आणि सातवं मातांसाठी मार्गदर्शनाचं. मूल आईचा हात धरून एकेका टेबलावरून पुढे सरकतं. कुठे सरळ रेषेवर चालायचं, कुठे चित्रात रंग भरायचा, कुठे बिया आणि खडे वेगळे करायचे, कुठे चित्र पाहून बोलायचं, कुठे वस्तू मोजून द्यायच्या. काय जमलं आणि कुठे मदत लागेल ते विकासपत्रावर लिहिलं जातं आणि ते आईला दिलं जातं.

या मांडणीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती दोन मेळाव्यांमधली जागा. वस्तीतल्या चार-सहा आयांचा एक गट होतो. आठवड्याच्या कृती त्यांच्यापर्यंत पोचतात: भाकरी थापताना गोळे मोजायला लावा, कपडे घडी करताना लहान-मोठे लावायला सांगा, बाजारातून आल्यावर पिशवीतल्या भाज्यांची नावं विचारा. यासाठी वही लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि आईला वाचता येण्याची अटही नाही. जूनमधल्या दुसऱ्या मेळाव्यात तीच आई तेच पत्र घेऊन येते आणि आधी रिकाम्या राहिलेल्या खुणा आता भरलेल्या पाहते. बिहार आणि राजस्थानात असाच एक प्रयोग मोजून पाहिला गेला होता. आयांना घरी मुलांबरोबर करण्याच्या कृती दर आठवड्याला समजावून दिल्या तेव्हा मुलांच्या गणितात सुधारणा झाली. ती लहान होती, पण खरी होती.

अर्थात मेळाव्याचा उत्सव होऊन संपण्याचा धोका आहेच. फुगे, रांगोळ्या, पाहुणे, फोटो, आणि सातव्या टेबलावर बसायला कोणी नाही. माणसं कमी असतील तर बाकीची टेबलं एकत्र करावीत, सातवं कधीही रिकामं सोडू नये.

पेरणी, मजुरी आणि सभेची वेळ

राज्यात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भात ऊन लक्षात घेऊन आणखी थोड्या उशिरा. मृग नक्षत्र त्याच्या आठवडाभर आधी लागलेलं असतं. पाऊस वेळेवर झाला तर शाळेची पहिली घंटा आणि पेरणीची घाई एकाच वेळी येतात. कोकणात तरवा वाढत असतो आणि जुलैत लावणी. अशा दिवसांत सकाळी अकराची पालकसभा म्हणजे मजुरी बुडवून या असं सांगणं. मग सभेला तिघी-चौघी येतात आणि 'पालकांना आस्था नाही' असा शेरा इतिवृत्तात पडतो. तो शेरा अन्याय करणारा आहे. संध्याकाळी सातनंतर, गुरं बांधून झाल्यावर, देवळाच्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात सभा ठेवली की तीच माणसं येतात. शिक्षक तालुक्याहून ये-जा करत असतील तर त्यांना हे जड जातं, हे मान्य. वर्षात निदान एक संध्याकाळ, आणि ती जूनमधली, एवढं तरी जमवावं.

घरभेटीला पर्याय नाही, असं जुने शिक्षक म्हणतात. मलाही ते पटतं. पटनोंदणीसाठी दारोदार फिरताना शिक्षक दाखलपात्र मुलांची नावं टिपतातच. त्याच फेरीत दोन मिनिटं जास्त थांबलं तर कळतं की पाणी किती लांबून आणतात, धाकट्या भावंडाला कोण सांभाळतं, घरात बोलतात ती भाषा कोणती. मेळघाटात घरची भाषा कोरकू असेल, नंदुरबारच्या डोंगरात पावरी किंवा भिली, तांड्यावर बंजारा. पुस्तकी मराठीतली सूचना तिथे शिक्षकाने कितीही स्वच्छ वाचली तरी अर्धीच पोचते. व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईने तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगून फोनवर ध्वनिमुद्रित करून दिली, तर पूर्ण पोचते.

फोनचा विषय निघालाच आहे. आता प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप गट असतो आणि बहुतेक शाळा घराला माहिती देणं म्हणजे गटावर टाकणं असं धरून चालतात. गटाने बरंच सोपं झालं, यात शंका नाही. पण घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर कामावर. उद्या डबा न देता मुलाला पाठवा, शाळेत जेवण आहे, हा निरोप रात्री नऊला बाप पाहतो आणि आईला सांगायचं विसरतो. परिपत्रकाची सहा पानी पीडीएफ तर कोणीच उघडत नाही. म्हणून गटावर गेलेली महत्त्वाची गोष्ट शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावरही खडूने लिहिलेली असावी, आणि मुलाच्या तोंडीही असावी. दुसरीतलं मूल एका वाक्याचा निरोप अचूक नेतं, त्याला तो वर्गात दोनदा म्हणायला लावला की.

निरोपाच्या भाषेवरही काम करायला हवं. 'सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, इयत्ता पहिलीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी आवश्यक त्या कागदपत्रांसह कार्यालयीन वेळेत उपस्थित राहावे' हे वाक्य वाचून आईला तीन गोष्टी कळत नाहीत: कोणते कागद, किती वाजता, आणि आलो नाही तर काय. त्याऐवजी: 'पहिलीच्या आईबाबांनो, शुक्रवारी सकाळी साडेनऊ ते बाराच्या आत शाळेत या. मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड आणा. यातलं काही नसेल तरी या, आपण मार्ग काढू. शुक्रवारी जमत नसेल तर मुलाबरोबर निरोप पाठवा.' शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची आहेत. ज्याच्याकडे कागद नाही तोच येत नाही, आणि त्यालाच सगळ्यात जास्त बोलावून घ्यायला हवं.

घराला नेमकं काय हवं असतं

पहिल्या पंधरवड्यात आईबापांच्या मनात मोठमोठे शैक्षणिक प्रश्न नसतात. शौचालय कुठे आहे, मूल रडलं तर कोण जवळ घेतं, पाणी कुठलं, सुटल्यावर कोणाच्या ताब्यात देतात. ही उत्तरं आधी द्यावीत. शाळा दाखवावी, शौचालयापर्यंत चालत नेऊन दाखवावी. मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्या माणसांची नावं वहीत लिहून घ्यावीत. राज्य शासनाने २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी असं ठरवलं. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल काही खटकलं तर आईने कोणाकडे जायचं, त्या समितीतल्या बाईंचं नाव काय, हे जूनमध्येच सांगून ठेवलेलं असावं. प्रसंग आल्यावर नाव शोधायला वेळ नसतो.

मग पैशांचं. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पुस्तकं मोफत मिळतात, हे वेळेत कळलं नाही तर गरीब घर उसनवारी करून बाजारातून संच आणतं. दुपारच्या जेवणातही सांगण्यासारखं आहे. प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा दंडक आहे. हा आकडा ठाऊक असलेली आई पातळ आमटीबद्दल विचारू शकते. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, म्हणजे वीस किलोच्या मुलाच्या पाठीवर दोन किलो. घरचा वजनकाटा नसला तरी किराणा दुकानात तो असतो.

शिकण्याबद्दल एक गैरसमज मात्र पहिल्याच सभेत दूर करावा लागतो. पहिलीच्या मुलाला गृहपाठ का नाही, असं आईबाप काळजीने विचारतात. शेजारच्या इंग्रजी शाळेतलं मूल पानंच्या पानं भरतं आणि आपलं नुसतं गाणी म्हणतं, म्हणजे शाळा काही करत नाही. २०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं सांगितलं आहे, ही झाली तांत्रिक बाजू. आईला तेवढ्याने समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. तिला वर्षअखेरचं चित्र हवं असतं. तिसरी संपताना मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं ध्येय आहे. ते तिसरीच्या पुस्तकातला उतारा हातात देऊन दाखवावं: तीन वर्षांनी हे त्याने न अडखळता वाचायचं आहे, त्याच्या वाटेवर दिवाळीपर्यंत एवढं, मार्चपर्यंत एवढं. दिवाळीला आई स्वतः तपासू शकेल अशी एक तरी खूण तिच्याकडे असावी.

वरून येणारे बदल सांगण्याची जबाबदारीही शाळेवरच पडते, आणि हे काम सोपं नसतं. २०२४ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला. मुलांच्या झोपेसाठी तो चांगला होता. पण आईबापांच्या कामाच्या वेळा आणि व्हॅनच्या फेऱ्या नव्याने बसवाव्या लागल्या. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेबद्दल एप्रिलमध्ये एक शासन निर्णय निघाला, जूनमध्ये सुधारित निर्णय आला आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाले. तोवर राज्याच्या मोठ्या भागात शाळा उघडून दोन आठवडे होत आले होते. अशा वेळी शिक्षकाने 'आज आमच्या शाळेत या भाषा शिकवत आहोत, काही बदललं तर तुम्हाला आधी सांगू' एवढं स्वच्छ सांगितलं तरी गावातल्या अर्ध्या अफवा थांबतात.

घराकडून ऐकायचं

आतापर्यंत शाळेने काय सांगावं हे पाहिलं. पण जूनमध्ये शाळेला माहीत नसलेलं आणि घराला माहीत असलेलं पुष्कळ असतं. मुलाला फिट येते का, एका कानाने कमी ऐकू येतं का, रात्री अंथरूण ओलं होतं म्हणून ते लाजतं का, कशाची भीती वाटते. घरी त्याला काय म्हणून हाक मारतात हेसुद्धा. रजिस्टरातल्या लांबलचक नावाला ओ न देणारं मूल घरच्या नावाला लगेच वळून पाहतं.

आणि काही भागांत एक प्रश्न बाकी सगळ्यांच्या आधी विचारावा लागतो: दसऱ्यानंतर तुम्ही गावात असणार का? बीडसह मराठवाड्यातल्या आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अनेक तालुक्यांतून हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. प्राथमिक वर्गांसाठी कायद्याने वर्षाला २०० कामाचे दिवस ठरवले आहेत. फडावर गेलेल्या मुलाचे त्यातले निम्म्याहून जास्त बुडतात. यासाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं आणि शाळेत त्याला सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं. मूल बरोबर न्यावंच लागलं तर शिक्षण हमी पत्रक देतात, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. या सोयी आहेत, पण त्यांची बातमी बहुतेक वेळा ट्रक निघायच्या आठवड्यात पोचते. मुकादमाकडून उचल मात्र पावसाळ्यातच घेतलेली असते, आणि कोण जाणार, धाकट्याला फडावर कोण सांभाळणार, थोरलीने त्यासाठी बरोबर यायचं का, हे घरात तेव्हाच ठरून गेलेलं असतं. थोरली चौथीत असते.

म्हणून अशा गावांतल्या जूनच्या घरभेटीत आणखी तीन ओळी लिहून घ्याव्यात: यंदा जाणार का, कोणत्या मुकादमाबरोबर आणि कोणत्या कारखान्याला, मागे गावात कोण राहणार. त्याच बैठकीत वसतिगृह कसं चालतं ते सांगावं, आणि शक्य असेल तर गेल्या वर्षी ज्या आजीकडे नातवंडं राहिली तिलाच ते सांगायला बोलवावं. ही यादी जुलैअखेर तयार असली तर केंद्रप्रमुखांना वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवता येतो, मागे राहणाऱ्या मुलाच्या नावापुढे आजीचं नाव आणि शेजारच्या घरातला फोन नंबर आधीच लिहिलेला असतो, आणि बरोबर जाणाऱ्या मुलाचं हमी पत्रक गाडी निघायच्या आधी भरून आईच्या हातात देता येतं.